माद्रिदबद्दल, सविस्तर

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर स्पेनच्या यादवी युद्धाचा विषय निघाला आणि तू म्हणालास, ‘माद्रिद वाचवलं ते परदेशी स्वयंसेवकांनी.’ तेव्हा वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून आता लिहितो.

६ नोव्हेंबर १९३६. बंडखोर जनरल फ्रँकोची फौज शहराच्या वेशीवर, आणि प्रजासत्ताक सरकार चंबूगबाळं आवरून व्हॅलेन्सियाला निघालेलं. मागे ठेवला जनरल मियाखा. त्याला आणि पोसास या दुसऱ्या सेनापतीला बंद पाकिटं दिली, सकाळी सहापर्यंत उघडायची नाहीत म्हणून. दोघांनी रात्रीच फोडली, तर याचा हुकूम त्याच्या पाकिटात आणि त्याचा याच्या! सकाळपर्यंत थांबले असते तर? मला अजून हसू येतं, आणि धडकीही भरते.

दुसऱ्या दिवशी नशीब फिरलं. निकामी झालेल्या एका रणगाड्यातल्या मेलेल्या अधिकाऱ्याकडे हल्ल्याचा अख्खा आराखडा सापडला. खरा घाव कासा दे काम्पो या मोठ्या उद्यानातून विद्यापीठाकडे पडणार होता. मियाखाचा चीफ ऑफ स्टाफ व्हिसेंते रोखो याने रातोरात माणसं तिकडे हलवली. तुझे स्वयंसेवक ग्रान व्हिया या हमरस्त्यावरून गेले ते ८ तारखेला, आणि होते दोनेक हजारांच्या आतच. मोर्चे धरून बसले होते मुख्यतः माद्रिदचेच कामगार, काहींच्या हातात तर बंदूकही नव्हती. पुढे तत्त्वज्ञान विभागाच्या खिडक्यांत जाडजूड ग्रंथ रचून आडोसे केले गेले. तुझ्यामाझ्यासारख्यांच्या पुस्तकांचा एवढा उपयोग क्वचितच झाला असेल.

पण शहर काही नुसत्या गोळीबारावर जगत नाही. रसद हवी. ती यायची व्हॅलेन्सियाच्या रस्त्याने, आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामा नदीकाठी झुंज झाली ती त्याच रस्त्यासाठी. ब्रिटिश बटालियनची सहाशेतली निम्म्याहून जास्त माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली. हे श्रेय मात्र तुझ्या स्वयंसेवकांना बिनशर्त. रस्ता तुटला नाही. माझ्या मते माद्रिदचा निकाल इथे लागला, विद्यापीठात नव्हे.

मार्चमधली ग्वादालाखाराची लढाई तर चिखलाने लढली म्हण ना. फ्रँकोच्या मदतीला आलेल्या मुसोलिनीच्या इटालियन फौजेच्या गाड्या रुतल्या, त्यांच्या बाजूची विमानं कच्च्या धावपट्ट्यांवर अडकली. समोरून, सरकारच्या बाजूने, मारा करणाऱ्यांत इटलीचा राष्ट्रवीर गारिबाल्दीचं नाव लावणारे इटालियनच होते.

आपल्याकडचा एक जण या युद्धात होता, ठाऊक आहे? नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, संघाचे पहिले सरकार्यवाह! लंडनला शिकायला गेले आणि ‘जॉन स्मिथ’ नावाने याच परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले. ते माद्रिदला लढले नाहीत, पण फ्रँकोच्या कैदेत मात्र पडले. यावर भेटीत बोलू, पत्रात मावणार नाही.

आणि शेवट? लढाईने नाहीच. मार्च १९३९ मध्ये माद्रिदच्या सरकारी फौजेचा सेनापती कर्नल कासादो याने आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं. तह पदरात पडेल ही आशा. भुकेनं खंगलेल्या शहरात आठवडाभर आपलेच आपल्यांवर गोळ्या झाडत होते. फ्रँकोने कसलीही अट मान्य केली नाही. २८ मार्चला त्याची फौज आत शिरली, जवळजवळ विनासायास.

तेव्हा सांग, कासादोला तू गद्दार म्हणशील का? मला म्हणवत नाही. माणसं उपाशी होती, आणि जिंकायची आशा संपली होती. पण त्याचा फ्रँकोवरचा विश्वास मात्र निव्वळ भाबडेपणा वाटतो. तुझं मत सविस्तर लिही, फोन नको.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझा,
विनायक