क्रीडामहोत्सवाचे फोटो आणि आठवणी शनिवारपर्यंत पाठवा

मंडळी,

स्नेहमेळावा येत्या रविवारी. सकाळी नऊला शाळेच्या फाटकाशी जमायचं. वर्गणी बाकी असेल त्यांनी आजच द्या, केटररला आकडा कळवायचा आहे.

या वेळी एक तास फक्त क्रीडामहोत्सवासाठी ठेवलाय. घरी पत्र्याच्या पेटीत असतील ते फोटो, प्रमाणपत्रं, बिल्ले घेऊन या. फोटो मोबाइलवर काढून शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका, मागे नावं लिहिलेली असतील तर तीही.

मला अजून फक्कीच्या ओल्या रेघा दिसतात. डिसेंबरच्या थंडीत अनवाणी पाय, लेझीमचा खळखळाट, आणि शेवटी खो-खोची फायनल. चौकांत आठ जण एकाआड एक पाठ फिरवून बसलेले, नववा धावतोय, आणि आपली मुलगी खांबावर सूर मारते. दोन्ही गुडघे सोललेले, तरी शिट्टी होईपर्यंत ती उठून पुन्हा पळाली होती. त्या डावाइतका ओरडलो नाही मी कधी. खो-खोचे नियम पहिल्यांदा १९१४ साली आपल्याच डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, हे पीटीच्या सरांनी त्याच मैदानावर सांगितलं होतं.

सर येणार आहेत. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून कार्यक्रम तळमजल्यावर.

दुपारी मैदानावर लिंबू-चमचा आणि एक डाव खो-खो होईल. बूट घालून या. गुडघेदुखी असलेल्यांनी आधी सांगा, पंच हवेतच. बाहेरगावच्या मैत्रिणींची राहायची सोय कोथरूडला होईल, मला फोन करा.