धसकटे वेचणाऱ्या काकाजींस

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्या वावरातल्या मोटारसायकल स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला हवे होते. तीनदा कागद पुढे घेतला आणि तिन्ही वेळा वळणावर वाकलेली आपली पाठ डोळ्यांसमोर आली. पुढे काही सुचले नाही. समोरासमोर आपण आभार मानू देणार नाही, म्हणून ते असे चारचौघांत, लेखी मानतो.

आरएक्स १०० च्या काळात सुरू झालेला आमचा मोटारसायकल रेसिंग क्लब बंद पडला, तो गाड्या किंवा पोरे कमी पडली म्हणून नव्हे. नारळ फोडायला आणि फ्लेक्सवर हात जोडून उभे राहायला माणसे पुष्कळ होती. ट्रॅकसाठी जागा देतो, असे एका पुढाऱ्याने लागोपाठ तीन निवडणुकांत सांगितले, आणि शेवटच्या समितीने वर्गणीचा हिशेब अजूनही दिलेला नाही. (त्यात माझे अकराशे रुपये आहेत, म्हणून हे वाक्य जरा तिखट झाले असेल.) पोरे मात्र थांबली नाहीत, ती रात्री महामार्गावर, रेतीच्या टिप्परांमधून, डोक्यावर काही न घालता गाड्या पळवू लागली. शासनाच्या लेखी संमतीवाचून रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना बजावणारे बरेच निघाले. मग चालवायची कुठे, हे कोणी सांगितले नाही.

आपण सांगितले. बोंडअळीच्या भीतीने फरदड, म्हणजे कपाशीचे लांबवलेले पीक, न घेता आपण जानेवारीतच पऱ्हाटी उपटली होती आणि वावर मृगापर्यंत रिकामेच राहणार होते. "चालवा तिथं," एवढेच आपण म्हणालात. परवानगी, नकाशा, कागदपत्रे हे सगळे नंतर झाले आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला मिळालेच आहे.

मला सांगायचे आहे ते स्पर्धेच्या पहाटेचे. ट्रॅक आदल्या दिवशीच तयार झाला होता, वळणांवर जुन्या टायरची भिंत लागली होती आणि आम्ही सगळे निर्धास्त झोपलो होतो. साडेचारला मी पाण्याचा टँकर पाहायला आलो, तर दुसऱ्या वळणावर बॅटरीचा उजेड हलताना दिसला. आपण गुडघ्यांवर बसून, पऱ्हाटी उपटण्याच्या चिमट्याने, मातीत राहून गेलेली तुटकी धसकटे, म्हणजे पऱ्हाटीचे खुंट, एकेक करून काढत होतात. प्रत्येकाचे टोक सुऱ्यासारखे होते. शेजारी घमेले अर्धे भरले होते. मी ओशाळून म्हणालो, की काकाजी, हे आमचे काम होते. आपण मान वर न करता म्हणालात, "पोट्टे पडतीनच. पडू दे. पण धसकटावर नाई पडाले पायजे."

त्या दिवशी त्याच वळणावर चौघे पडले. चौघेही कपडे झटकून उठले. काकूंनी त्याच धसकटांचा जाळ करून सगळ्यांना चहा पाजला.

आपण शंकरपटातले, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतले, जुने जाणते, हे मला नंतर कळले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळून ते पुन्हा भरू लागले, पण जोडी उधळली की माणूस कुठे सापडतो, हे आपण मधल्या वर्षांतही विसरला नव्हता. म्हणूनच वळणाच्या बाहेरच्या अंगाला एकही प्रेक्षक उभा राहू दिला नाहीत. आम्ही दोर बांधला होता तो आतल्या बाजूला.

आता रविवारी पोरे वावरात असतात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय गाडीला किक मारायची नाही, हा नियम ती बाजाराला जातानाही पाळू लागली आहेत, आणि त्यांच्या आया मला रस्त्यात थांबवून बोलतात, पूर्वी तोंड फिरवत असत. गावातल्या मिस्त्रीकडे दोन पोरे इंजिन उघडायला शिकत आहेत. बचत गटाची झुणका-भाकर दुपारपर्यंत संपते. फोटोत नसलेल्या एका माणसाच्या सज्जनपणावर हे सगळे उभे आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे, म्हणूनही हे पत्र.

एक विनंती आहे. यंदा कापसाची शेवटची वेचणी झाली की निरोप द्यावा. आम्ही पंचवीस जण आपापले चिमटे घेऊन येऊ. पहाटे एकट्याने बॅटरी घेऊन जाऊ नये; आपले गुडघे दुखतात, हे काकूंनी सांगितले आहे.

आपला नम्र,
क्लबचा एक जुना सभासद