आधी मदत, मग प्रमाणपत्र

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना टिकून राहणारी अडचण, असलेल्या मुलांच्या सवलतींची चर्चा सुरू होते. वाढीव वेळ, लेखनिक, वगैरे. या सवलती हव्यातच. त्यांना 'फुकटचे गुण' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मला रस नाही. मला खटकते ते वेगळेच. चर्चा होते ती शाळेच्या शेवटच्या वर्षांची आणि अडचण दिसू लागते पहिली-दुसरीत, मूल अक्षराला अक्षर जुळवायला बसते तेव्हा. मधली सात-आठ वर्षे काय चालते? बरेचदा नुसती वाट पाहणे. आधी 'होईल हळूहळू', मग 'लक्षच देत नाही' आणि अखेर 'प्रमाणपत्र आणा, मग बघू'.

ही शेवटची अट तर उलटीच आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेचा आधार अनेक देशांतले तज्ज्ञ घेतात. तिच्यानुसार, नेमकी मदत देऊनही अडचण किमान ६ महिने टिकली, तरच तिला अध्ययन अक्षमता म्हणायचे. थोडक्यात, निदानाच्या आधी मदत झालेली असली पाहिजे. इथे शाळा मदतीसाठी कागद मागते आणि कागदासाठी आधी मदत झालेली लागते! त्याच पुस्तिकेत शाळकरी मुलांमधले प्रमाण ५ ते १५ टक्के दिले आहे. ४० मुलांच्या वर्गात अशी २ ते ६ मुले धरून चालायला हवे.

ती ओळखू का येत नाहीत, याला आपली लिपीही थोडी कारणीभूत आहे. देवनागरीत बहुतांशी लिहिले तसे वाचता येते. त्यामुळे मूल अडखळत का होईना, शब्दापर्यंत पोहोचते. चूक कमी दिसते, दिसतो तो संथपणा, आणि संथपणाला आळस म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, 'र' कधी डोक्यावर रफार होऊन बसतो तर कधी पायाशी तिरपी रेघ होतो, त्यात जोडाक्षरे. ज्या मुलाला ध्वनी आणि चिन्ह यांची गाठ मारणेच जड जाते, त्याची इथे दमछाक होते. हुशार मुले मग धडा कानाने पाठ करून 'वाचून' दाखवतात. त्यांना शेवटच्या ओळीपासून उलट वर वाचायला सांगा, लगेच कळते. गणिताची तऱ्हा निराळी. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच येतात आणि लिहिताना आधी दोन. सगळीच मुले इथे काही दिवस गोंधळतात, पण एखाद्याचा गोंधळ वर्ष उलटले तरी सुटत नाही. त्याच्याकडे पाहायला हवे.

आणि हे काही नवे नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा चुणचुणीत, अंकगणिताची आवड असलेला, पण छापील शब्द त्याला लागत नसत. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकांना जे दिसले, ते आजच्या प्रगतिपुस्तकावर का उमटत नाही?

मदत म्हणजे महागडी यंत्रे नव्हेत. तीन-चार मुलांचा गट, रोज थोडा वेळ, ध्वनी सुटे करून ऐकणे, अक्षर बोटाने गिरवत मोठ्याने म्हणणे, सोप्याकडून कठीणाकडे ठरलेल्या क्रमाने जाणे आणि पुन्हा पुन्हा उजळणी. वर्गात अशा मुलाला सगळ्यांसमोर अचानक वाचायला उभे करू नये. विज्ञानाचे उत्तर तोंडी बरोबर दिले तर ते विज्ञानाचे उत्तर म्हणून मान्य करावे. गणिताची रीत तपासायची असेल तर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यावा. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावल्याने अशा मुलाचा हात तेवढा दुखतो.

एक कळकळीची विनंती: ही शिकवणी खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला ठेवू नका. दिवसभरात मूल जिथे कुणापेक्षा कमी नसते, नेमका तोच तास आपण काढून घेतो.

लेखनिकाचेही असेच. उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगत लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्याचा सराव न करता थेट मोठ्या परीक्षेत लेखनिक मिळाला, तर मूल बावरते आणि लोक म्हणतात, 'बघा, सवलत देऊनही काही उपयोग नाही.'

शाळेत आधार मिळत नाही तेव्हा पालक भलत्या दारात जातात. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम. वाचन अक्षमतेवर यांचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्तपणे सांगितले आहे. नजर जरूर तपासावी, कानही तपासावेत. पण दोष डोळ्यांत नसेल, तर चष्म्याने वाचन कसे सुधारणार?

वर्गशिक्षकांना यात झोडपू नये. भरलेला वर्ग, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आणि वर माहितीचे तक्ते भरणे. त्यांनी एकट्याने हे पेलावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. विशेष शिक्षक शाळेतच हवा, त्याचा तास वेळापत्रकात हवा आणि त्याला बदली शिक्षक म्हणून इकडे-तिकडे धाडू नये.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना एक सुचवावेसे वाटते. निकालाच्या दिवशी किती मुलांनी सवलत घेतली, हा आकडा तुम्ही छापता, तो छापाच. त्याबरोबर शाळांना हेही विचारा, की पहिली-दुसरीतल्या किती मुलांना यंदा नेमाने मदत मिळाली, आठवड्याला किती तास, आणि ती देणारे कोण होते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका