करमाफीचा हिशेब नूतनीकरणाच्या नोटिशीत दिसू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून पूर्णपणे रद्द झाला. त्या दिवसांत आमच्या पाचपाखाडीतील सोसायटीत जो तो आपापल्या मेडिक्लेमची बेरीज-वजाबाकी करत होता, आणि मीही केली. आधीच्या वर्षी माझा व पत्नीचा मिळून पाच लाखांच्या पॉलिसीचा मूळ हप्ता ४१,२०० रुपये होता आणि त्यावर ७,४१६ रुपये कर, असे एकूण ४८,६१६ रुपये मी भरले होते. कर गेला म्हणजे यंदा ४१,२०० रुपये भरायचे, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात नूतनीकरणाची नोटीस आली तेव्हा कराच्या रकान्यात शून्य होते आणि भरावयाची रक्कम होती ४६,९०० रुपये. म्हणजे सरकारने सोडलेल्या ७,४१६ रुपयांपैकी १,७१६ रुपये माझ्या हाती राहिले आणि ५,७०० रुपये वाढलेल्या मूळ हप्त्याने घेतले. त्या नोटिशीत मागील वर्षीच्या मूळ हप्त्याचा उल्लेख नव्हता आणि वाढीचे कारणही नव्हते. जुनी पावती फाइलमधून काढून शेजारी ठेवली तेव्हाच ही जवळपास १४ टक्क्यांची वाढ मला दिसली.

करमाफीचा निर्णय योग्यच होता आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. आजारपणाची तरतूद करणाऱ्याकडून कर घ्यावा हे मला कधीच पटले नव्हते. हप्ता वाढण्यामागे कारणे असू शकतात, हेही मला मान्य आहे. वय वाढले की वयोगट बदलतो, रुग्णालयांचे दर दरवर्षी चढतात, आणि या करमाफीतच एक गुंता आहे, ज्याची सर्वसामान्य ग्राहकाला कल्पना नसते. विमा कंपनी एजंटाच्या कमिशनवर, कार्यालयाच्या भाड्यावर किंवा संगणकप्रणालीवर जो कर भरते, तो पूर्वी तिला ग्राहकाकडून गोळा केलेल्या करातून वळता करून घेता येत असे. आता ग्राहकाकडून कर घ्यायचाच नाही म्हटल्यावर ती वजावटही संपली आणि तो कर कंपनीच्या खर्चात जमा झाला. पुनर्विम्यावरील, म्हणजे विमा कंपनी स्वतःच्या जोखमीसाठी जो विमा उतरवते त्यावरील, कर माफ केल्याने त्यातला काही भार हलका झाला असला, तरी उरलेला भार कोण सोसणार, कंपनी, एजंट की ग्राहक, हा प्रश्न उरतोच. माझ्या ५,७०० रुपयांत वयाचे किती, रुग्णालयांच्या महागाईचे किती आणि या बुडालेल्या वजावटीचे किती, हे मला कुठेही वाचायला मिळाले नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला तेव्हा 'सिस्टीममध्ये हीच रक्कम दिसते' एवढेच उत्तर मिळाले.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नूतनीकरणाच्या नोटिशीत मागील वर्षीचा मूळ हप्ता, यंदाचा मूळ हप्ता आणि फरकाची कारणे रुपयांत, वेगवेगळ्या ओळींत छापणे बंधनकारक करावे. वीजबिलात आपल्याला स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन असे सगळे वेगळे दिसते. वर्षाला पन्नास हजारांच्या घरात जाणाऱ्या आरोग्य विम्याच्या बिलात तेवढेही दिसू नये, हे बरोबर नाही.

दुसरी गोष्ट वयाची. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने ३० जानेवारी २०२५ रोजी आदेश काढून, ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी, असे ठरवून दिले. हा आदेश साठी ओलांडलेल्यांसाठी आहे. मी ५७ वर्षांचा आहे आणि पत्नी ५४ वर्षांची. ज्या वयात नोकरी सुटते, साखर आणि रक्तदाब सुरू होतात आणि मुलांची शिक्षणे अजून संपलेली नसतात, त्या वयाला या आदेशाचे संरक्षण नाही. पॉलिसी अर्धवट सोडून देण्याचा विचार माणूस करतो तो याच वर्षांत, आणि एकदा सोडली की साठीनंतर पुन्हा घेताना प्रतीक्षा कालावधी, म्हणजे आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, पहिल्यापासून सुरू होतो. १० टक्क्यांची अट सर्व वयोगटांना लावली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

नोकरी सुटण्याचा उल्लेख केला तो अनुभवातून. वागळे इस्टेटमधील ज्या कारखान्यात मी २६ वर्षे काम केले तो २०२१ साली बंद झाला आणि त्याबरोबर कंपनीची सामूहिक पॉलिसीही संपली. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते आणि आधीची वर्षे प्रतीक्षा कालावधीत धरली जाऊ शकतात, हे त्या वेळी आम्हा कामगारांना कोणीही सांगितले नाही. मी नव्याने पॉलिसी घेतली आणि पत्नीच्या रक्तदाबाचा प्रतीक्षा कालावधी पहिल्या दिवसापासून मोजला गेला. ज्यांची नोकरी आज जात असेल त्यांनी शेवटच्या पगाराआधी ही चौकशी जरूर करावी. सामूहिक पॉलिसींच्या बाबतीत आणखी एक अन्याय तसाच राहिला आहे. त्यांच्यावरील १८ टक्के कर कायम आहे. मालक हप्ता भरतो तेथे हे एक वेळ समजू शकते, परंतु बँकांतून निवृत्त झालेले आमच्या ठाण्यातील कितीतरी ज्येष्ठ सामूहिक पॉलिसीचा हप्ता स्वतःच्या निवृत्तिवेतनातून भरतात आणि करमाफी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

मागील काही वर्षांतले नियम एकूण ग्राहकाच्या बाजूचे आहेत, हे मी मोकळेपणाने लिहितो. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाल्यास अपवाद. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. विमा प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेसची, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याची, पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन घातले, आणि त्यापुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून भरायचा आहे.

हे सगळे नियम रुग्णालयाच्या काउंटरपर्यंत येता येता कुठे विरतात, ते मी गेल्या पावसाळ्यात पाहिले. पत्नीच्या पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया येथील एका खासगी रुग्णालयात झाली. डिस्चार्जचा कागद सकाळी दहाला तयार होता आणि अंतिम मंजुरी सायंकाळी साडेपाचला आली. टाके ओले असलेली पत्नी कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती, कारण खोली दुसऱ्या रुग्णासाठी रिकामी करून घेतली होती. तीन तासांचा नियम असल्याचे डेस्कवरच्या मुलीला माहीत नव्हते आणि भिंतीवर तसा फलकही नव्हता.

बिलाचा प्रकार त्याहून गंभीर आहे. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. त्या दिवशी ७,५०० रुपयांचीच खोली उपलब्ध होती. दिवसाला अडीच हजार जास्त, तीन दिवसांचे साडेसात हजार आपण भरू, असे म्हणून मी सही केली. एकूण बिल झाले १,६८,९०० रुपये आणि विमा कंपनीने भरले १,२०,०००. खोलीभाड्यातील ७,५०० आणि हातमोजे वगैरे विम्यातून न मिळणाऱ्या वस्तूंचे ९,४०० मला समजले. पण शस्त्रक्रिया, भूल, शस्त्रक्रियागृह व परिचर्या यांच्या ९६,००० रुपयांतून ३२,००० रुपये वजा झाले होते, आणि ते का, हे समजायला मला तीन आठवडे लागले. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की ज्या प्रमाणात भाडे जास्त त्याच प्रमाणात हे सगळे आकारही कापले जातात. यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची उपकरणे यांना ती लागत नाही, म्हणून आमच्या बिलातील त्यांच्या ४१,००० रुपयांना कात्री लागली नाही. भरतीच्या अर्जावर सही घेताना 'ही खोली घेतल्यास अंदाजे एवढे रुपये तुम्हाला भरावे लागतील' अशी एक ओळ असती, तर मी एक दिवस थांबलो असतो किंवा दुसरे रुग्णालय पाहिले असते. शस्त्रक्रिया तातडीची नव्हती.

पुढे एक महत्त्वाची गोष्ट हाती आली, जी माझ्यासारख्या अनेकांच्या उपयोगी पडेल. ज्या आकारात रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार फरक करत नाही, त्यावर प्रमाणशीर कपात करता येत नाही, असे नियामकानेच सांगून ठेवले आहे. राज्यात २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. मी परत जाऊन ते दरपत्रक पाहिले. शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांचे मिळून ६०,००० रुपये सर्व वर्गांच्या खोल्यांना सारखेच होते. मग त्यातून २०,००० रुपये कापले ते कोणत्या आधारावर? रुग्णालयाने मला हे लेखी दिले, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

सरकारी योजनांचा येथे उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शुभ्र शिधापत्रिकाधारकही येतात आणि ७० वर्षांवरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले आहे, खासगी पॉलिसी असली तरीही. आमच्या सोसायटीतील ज्येष्ठांची त्यासाठी लागणारी वय वंदना कार्डे काढायला मी स्वतः मदत केली. पण या योजना फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीतील, रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांपुरत्या चालतात, त्यामुळे घराजवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे हे आजारपणाआधीच पाहून ठेवावे लागते. बाकीच्यांना खासगी विम्याशिवाय इलाज नाही आणि म्हणूनच त्याच्या नियमांची अंमलबजावणी आम्हाला इतकी जिव्हाळ्याची वाटते.

त्या २०,००० रुपयांसाठी मी दरपत्रकाची प्रत जोडून विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली आहे. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ठाणे, नवी मुंबईकरांसाठी हे कार्यालय आता ठाण्यातच आहे. माझा महिना पुढच्या आठवड्यात पुरा होतो. अर्ज लिहून तयार आहे.

आपला विश्वासू,
एक विमाधारक,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)