सर, त्या खुर्चीबद्दल

आदरणीय सर,

रविवारचा सामना होऊन आठवडा होत आला, तरी लिहायला बसले की घसा दाटून येतो. तुमचं नाव इथे देत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. वडोदऱ्याच्या क्लब क्रिकेटमधली माणसं ओळखतीलच.

शेवटच्या षटकांत पंच म्हणून मी, तुम्ही प्रशिक्षक असलेल्या संघातल्या डावखुऱ्या मुलाला पायचीत दिलं आणि सामना तुमच्या हातून गेला. पालक काय काय बोलले ते लिहीत नाही. बेल्स खिशात टाकून मी बाहेर आले तेव्हा पाय लटपटत होते. तुम्ही आधी तुमच्या मुलांकडे गेला नाहीत. कडुनिंबाखाली एक खुर्ची ओढलीत, पालकांकडे माझी पाठ होईल अशी वळवलीत आणि म्हणालात, "ताई, आधी बसा. पाणी प्या." मग माझ्या आणि त्या घोळक्याच्या मधे उभे राहिलात. निर्णयाबद्दल अवाक्षर नाही. त्या खुर्चीची पाठ कुठे असावी याचा विचार तुम्ही केलात, हे माझ्या मनातून जातच नाही.

कारण मी दुसरंही पाहिलंय. गेल्या हंगामात एका संघाचे प्रशिक्षक धावबादच्या निर्णयावर सीमारेषेची दोरी ओलांडून आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चष्मा लावून या." पुढच्याच षटकात त्यांच्या छोट्या यष्टिरक्षकाने तेच शब्द मला ऐकवले. त्या पोराला मी काय दोष देणार? माझ्याबरोबर पंचगिरी सुरू केलेले काहीजण अशाच बोलण्यांना कंटाळून सोडून गेले, त्यातले दोघे माझ्यापेक्षा चांगले पंच होते.

क्रिकेटच्या 2017 च्या नियमसंहितेत खेळाडूंच्या वागण्याबद्दलचा 42 वा नियम आला. पंचाच्या निर्णयावर उघड नाराजी दाखवली तर आधी ताकीद, पुन्हा घडलं तर समोरच्या संघाला 5 धावा. पंचाला मारायची धमकी देणारा खेळाडू उरलेल्या सामन्याला मुकतो. पण हे सगळं खेळाडूंसाठी. दोरीबाहेरच्या प्रशिक्षकाला हा नियम शिक्षा करत नाही, आणि मुलं नियमाचं पुस्तक वाचत नाहीत, त्याच्याकडे बघतात.

आपल्या शहराला क्रिकेटचा केवढा अभिमान! 1947 मध्ये इथेच आपल्या संघाच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध 577 धावांची भागीदारी केली, हे शाळकरी पोरंही सांगतात. ती सगळी भागीदारी होईपर्यंत पंचही उन्हात उभे होतेच की. त्यांची नावं मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. नसू देत. आम्हाला नाव नको असतं, माणसासारखं वागवलं की पुरे. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पुढच्या रविवारची नेमणूक मी स्वीकारली आहे.

आणि त्या डावखुऱ्याला माझा एक निरोप द्या. त्याचा कव्हर ड्राइव्ह फार देखणा आहे. पंचाच्या कोटात असताना मला ते बोलता येत नव्हतं.

तुमची,
त्या सामन्यातली पंच