नातीच्या खर्चाच्या कलमाविषयी आई-बाबांना

बडोदा, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, वकिलांनी तयार केलेला आमच्या परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा वाचून तुम्ही फोनवर म्हणालात, ‘नातीच्या खर्चाचे कलम काढून टाक, आपल्याला त्यांचा एक पैसाही नको, आम्ही अजून आहोत.’ त्या वेळी ती माझ्या शेजारीच गृहपाठ करीत बसली होती, म्हणून मी काही बोलले नाही. शिवाय हा विषय फोनवर तुटक बोलण्याचा नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तुमच्या बोलण्यामागचा स्वाभिमान मला परका नाही. इंदूरच्या रामबागेतल्या आपल्या घराने ओढगस्तीच्या दिवसांतही कोणापुढे हात पसरला नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या स्वतःच्या पोटगीपुरते मी त्याच रीतीने वागलेही आहे. मला नोकरी आहे, माझे भागते, तेव्हा माझ्यासाठी मी काही मागितलेले नाही आणि ते मसुद्यात स्पष्ट लिहिले आहे. परंतु मुलीच्या निर्वाहाचे पैसे माझे नाहीत. जे माझे नाही, ते मानापोटी सोडून देण्याचा अधिकार मला कसा असेल? आईने तडजोडीत मुलाचा निर्वाहखर्च सोडून दिला, तरी मुलाचा हक्क त्यामुळे संपत नाही, ही भूमिका आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे. म्हणजे तुमच्या शब्दाखातर मी ते कलम काढले, तरी कायद्याच्या दृष्टीने तिचा हक्क शिल्लक राहील. फक्त तो मिळवण्यासाठी पुढे कधीतरी नव्याने कोर्टाची पायरी चढावी लागेल.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचे विसावे कलम तुम्ही एकदा वाचावे असे मला वाटते. अपत्यांचे पालनपोषण करणे हे आई आणि वडील या दोघांवरही बंधनकारक आहे, असे ते सांगते. आणि त्याच वाक्यात, वृद्ध किंवा अशक्त आई-वडिलांचा निर्वाह करणे मुलगा आणि मुलगी या दोघांवरही बंधनकारक आहे, असेही सांगते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे, त्यातही पत्नी, मुले आणि आई-वडील एकाच रांगेत बसवलेले आहेत. उद्या तुमच्या औषधपाण्याचा खर्च मी केला, तर त्याला आपल्या घरात कोणी भीक म्हणणार नाही. मग तिच्या शाळेची फी तिच्या वडिलांनी भरली, तर ते उपकार कसे ठरतात?

रकमेबद्दल आईने विचारले होते, म्हणून ती कशी ठरली तेही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निर्वाहखर्चाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर मांडायची आणि खर्च मंजूर झाल्यास तो अर्जाच्या तारखेपासून धरायचा, हे त्यातले दोन महत्त्वाचे मुद्दे. आमचा अर्ज संमतीचा असल्यामुळे वाद नव्हता, तरीही मी आग्रह धरला की दोघांनी त्याच नमुन्यावर कागद भरावेत. त्यात शाळेची फी, व्हॅन, दप्तर-गणवेश, डॉक्टर, कथकचा क्लास यांच्याबरोबर घरभाड्यातला तिचा वाटाही आला. हा शेवटचा आकडा बहुतेक लोक विसरतात. मूल काही हवेत राहत नाही, त्याच्यासाठी घरात एक खोली जास्त लागते. तिच्या वडिलांचे उत्पन्न माझ्या साधारण दुप्पट आहे, म्हणून खर्चाचे दोन भाग त्यांच्याकडे आणि एक भाग माझ्याकडे आला. त्यांनीही फारशी घासाघीस केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मसुद्यात आणखी तीन गोष्टी आहेत: रक्कम दरमहा पाच तारखेपर्यंत थेट बँकेत जमा व्हावी, ती दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी वाढावी, आणि मोठे आजारपण व उच्च शिक्षण यांचा खर्च वेगळा धरावा. वाढीचे कलम नसले की पाच वर्षांनी त्या रकमेत वह्यासुद्धा येत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि ते मला पटले.

हे सगळे आत्ताच, संबंध बरे असताना लिहून घेण्याची घाई मी का करते, त्याला कारण आहे. आपल्या देशात मुलांचा खर्च वसूल करून देणारे स्वतंत्र सरकारी खाते नाही. वर सांगितलेल्या कलम १४४ खाली मंजूर झालेली रक्कम थकली की आईनेच अर्ज करायचा, तोही थकलेल्या तारखेपासून वर्षाच्या आत. मग वॉरंट निघते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी स्पष्ट केले आहे. पण माणूस तुरुंगात जाऊन मुलाची फी भरली जात नाही, ही गोष्टही तितकीच खरी. माझ्या कार्यालयातल्या एका बाईंचा बराचसा काळ तारखा घेण्यातच गेला, कारण त्यांच्या पतीचा धंदा रोखीचा आहे आणि कागदावर त्यांचे उत्पन्न जवळजवळ नाहीच. ब्रिटनमध्ये १९९३ साली यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिच्या कारभारावर पुष्कळ टीका झाली आणि पुढे तिच्या जागी दुसरी व्यवस्था आली. पण तिथे सर्वसाधारण उत्पन्नाच्या पालकासाठी हिशेब ठरलेला आहे, एका मुलासाठी कर कापण्यापूर्वीच्या उत्पन्नाच्या १२ टक्के, दोघांसाठी १६ आणि तिघे किंवा अधिक असतील तर १९, आणि टाळाटाळ केल्यास रक्कम पगारातूनच कापून घेता येते. जर्मनीत तर दुसरा पालक देत नसेल तेव्हा सरकार आधी मुलाला ठरावीक रक्कम देते आणि नंतर त्या पालकाकडून वसूल करते. मला ही जर्मन रीत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण मोठ्यांचा वाद मिटेपर्यंत मूल थांबू शकत नाही. आपल्याकडे असे काही होईपर्यंत नीट लिहिलेला कागद हाच काय तो आधार.

आता पैशांपलीकडचे. आई, तू म्हणालीस की घटस्फोटित घरातली मुले बिघडतात. या विषयावर जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि त्यातून साधारण जे दिसते ते असे, की विभक्त झालेल्या घरांतल्या बहुतेक मुलांना पुढे गंभीर अडचणी येत नाहीत. ज्यांना येतात त्यांच्यामागे बहुधा आई-वडिलांमधले न मिटणारे भांडण, घराची एकदम खालावलेली मिळकत आणि शाळा-घर पुन्हा पुन्हा बदलणे ही कारणे असतात. यांतली मिळकतीची आणि शाळेची बाब मसुद्यातल्या कलमांनी बरीचशी सावरते. भांडणाची बाब मात्र आपल्या सर्वांच्या जिभेवर अवलंबून आहे. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना बजावले की मुलीला निरोप्या करायचे नाही आणि तिकडून आल्यावर तिची उलटतपासणी घ्यायची नाही. गेल्या सुट्टीत इंदूरला तिला ‘बाबा कोणाबरोबर राहतात, घरी कोण येते-जाते’ असे प्रश्न विचारले गेले, हे तिने मला आपणहून सांगितले. तुम्ही काळजीपोटीच विचारले असणार. पण आठ वर्षांच्या मुलीला त्यातून एवढेच कळते की एका घरी खरे बोलले की दुसऱ्या घरी ती चहाडी ठरते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पैसे आणि भेटी यांची सांगड मी घालणार नाही. एखाद्या महिन्यात रक्कम उशिरा आली तरी महिन्यातल्या ठरलेल्या दोन शनिवारी ती वडिलांकडे जाईल, आणि काही कारणाने भेट चुकली तरी रक्कम त्यांना द्यावीच लागेल. वडिलांचा सहवास हाही तिचाच हक्क आहे, आणि एक हक्क अडला म्हणून दुसरा अडवला तर दोन्हीकडून तिचेच नुकसान होते.

बाबा, ‘आपल्या लोकांत हे असले नव्हते’ असे तुम्ही म्हणता, म्हणून एक आठवण करून देते. ज्या बडोद्यात मी राहते, त्या संस्थानात सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता; स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर २४ वर्षांनी आला. संस्थानी इतिहासावर तुम्ही सभेत व्याख्याने देता, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे!

तुम्ही तुमच्या पेन्शनमधून दरमहा काही पाठवण्याचे म्हणालात. ते मी नाकारणार नाही, पण वडिलांच्या वाट्याच्या जागी घेणारही नाही. तिच्या नावाने मी पोस्टात सुकन्या समृद्धी खाते उघडले आहे; त्यात वर्षाला किमान २५० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. तुम्हाला जमेल ते त्यात भरा, म्हणजे ती आजी-आजोबांची पुंजी म्हणून वेगळी राहील आणि तिच्या पुढच्या शिक्षणाच्या वेळी हाती येईल. पासबुकाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

मसुद्यावर सही करण्याआधी तुमचे उत्तर मला हवे आहे. कलम ठेवायचे की नाही यासाठी नव्हे, कारण ते राहील, पण त्यातल्या शब्दरचनेत तुम्हाला काही कच्चे वाटले तर कळवा. इतकी वर्षे बँकेत कर्जाचे कागद तपासलेल्या माणसाची नजर माझ्यापेक्षा नक्कीच तीक्ष्ण आहे. दिवाळीच्या सुट्टीत लक्ष्मीपूजनापर्यंत ती वडिलांकडे असेल आणि पाडव्याला मी तिला घेऊन इंदूरला येईन. ती तिथे असताना वडिलांचा फोन रोज संध्याकाळी सातच्या सुमारास येईल. तो तुमच्यापैकी कोणी उचलला, तर कृपया नेहमीसारखी विचारपूस करून तिच्या हातात द्यावा आणि तिला आतल्या खोलीत निवांत बोलू द्यावे.

तुमची,
लेक