खांबावरच्या पेटीकडे कोण पाहणार?

महोदय,

गणपतीसाठी गावी येणारे बरेच चाकरमानी हल्ली रजा न टाकता लॅपटॉप घेऊनच येतात. यंदा प्राणप्रतिष्ठेच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या वाडीतील सात घरांचे फायबरचे, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशावर येणारे, इंटरनेट एकदम बंद पडले. तक्रार केल्यावर चार दिवसांत तीनदा एकच सल्ला मिळाला : घरातली डबी बंद करून पुन्हा चालू करा. डबीवरचा तांबडा दिवा पेटलेला असताना, म्हणजे तिथवर पुरेसा प्रकाशच येत नसताना, डबी शंभरदा बंद-चालू करून काय होणार?

फायबरच्या जोडणीत विजेवर चालणारी उपकरणे फक्त दोन टोकांना असतात : एक्सचेंजमध्ये प्रकाश सोडणारे यंत्र (ओएलटी) आणि ग्राहकाच्या घरी ओएनटी, म्हणजे ती डबी. मधली वाट २० किलोमीटरपर्यंत लांब असू शकते, पण तिच्यावर वीज कुठेच लागत नाही. १२५ मायक्रॉन जाडीच्या काचतंतूच्या आत जेमतेम ९ मायक्रॉनचा गाभा असतो, आणि त्या एकाच गाभ्यातून येणारी माहिती १४९० नॅनोमीटरच्या, तर जाणारी १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर वाहते. वाटेतले स्प्लिटर या प्रकाशाचे वाटे करतात. आमच्याकडे आधी चार आणि मग वाडीतल्या खांबावर प्रत्येकाचे आठ, असे ३२. अशा जोडणीला साधारणपणे २८ डेसिबलपर्यंतची (हे प्रकाशाची घट मोजण्याचे एकक) घट परवडते आणि त्यातले सतराएक डेसिबल या वाटणीतच खर्ची पडतात. तारेच्या लांबीची घट किलोमीटरमागे पाव-अर्धा डेसिबल, नीट केलेल्या जोडाची त्याहूनही कमी. मात्र तार एखाद्या ठिकाणी घट्ट मुरडली, तर प्रकाश तिथेच बाहेर सांडतो.

आमच्याकडे नेमके तेच झाले होते. पाचव्या दिवशी आलेल्या तरुण कामगाराने माझ्या घरी प्रकाश मोजणारा मीटर लावला, तेव्हा आकडा उणे २९ आला. (उणेपुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी.) डबीला उणे २७ पर्यंतच भागवता येते. मग तो शिडी घेऊन खांबावर चढला. पेटीचे झाकण सुतळीने बांधलेले, आत लाल मुंग्यांचे घरटे, आणि स्प्लिटरमध्ये शिरणारी तार जागा पुरेना म्हणून करंगळीएवढ्या वेढ्यात कोंबलेली. वेढा सोडवल्याबरोबर आकडा उणे २२ झाला. काम दहा मिनिटांचे होते.

जांभ्याच्या कातळात चर खणणे महाग पडते, म्हणून कोकणात ही तार बहुधा खांबांवरून, कधी कधी तर माडांवरूनच ओढली जाते, हे समजू शकते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात खांबच आडवे झाले, तिथे कोणाचा इलाज नव्हता. पण उघडी पेटी आणि मुरडलेली तार ही काही नैसर्गिक आपत्ती नव्हे. मृगाच्या आधी प्रत्येक पेटी उघडून पाहावी, झाकणाला रबरी पट्टी असावी, आणि जोडणी देतानाच घरी मिळणाऱ्या प्रकाशाचा आकडा ग्राहकाला लेखी द्यावा, एवढीच मागणी आहे. तो आकडा हाती असला, तर दोष घरात आहे की खांबावर, हे पहिल्याच फोनवर ठरवता येईल.

माझ्या डबीच्या मागे मी ‘उणे २२’ असे पेनाने लिहून ठेवले आहे. बाकीच्या सहा घरांना त्यांचा आकडा अजून कोणी सांगितलेला नाही.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. दापोली, जि. रत्नागिरी